आपाचा कॉम्प्युटर

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून, तीन खोक्यांत. साल २००६. त्या वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या, आणि नागपूरच्या दुकानदारांनी दोन्ही सणांची मिळून एकच जाहिरात काढली होती. भंडाऱ्याला गाडी बदलताना हमालाने मॉनिटरचं खोकं आडवं धरलं, तेव्हा आपा एवढ्या जोरात ओरडली की स्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. आमची आपा आणि चारचौघांत ओरडली! आम्हीच चकित झालो.

कोंढा हे पवनी तालुक्यातलं गाव, भंडारा-पवनी रस्त्यावरचं. कोसरा त्याला लागूनच, म्हणून लोक दोन्ही नावं एका दमात घेतात, कोंढा-कोसरा. धानाचा मुलूख. अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. आपा लग्न होऊन गेली होती, पण भाईजान दोन हजार चार साली अचानक वारले आणि इद्दत पुरी करून आपा लेकीला घेऊन आमच्याकडे परतली. परतलेल्या मुलीला कोणी काही बोलत नाही, पण तीच हळूहळू कमी जेवायला लागते. अम्मीच्या हे लक्षात आलं होतं. तेव्हा गावोगाव एमएस-सीआयटीची लाट होती. बारावीच्या शिदोरीवर आपानेही पवनीला जाऊन तो कोर्स पुरा केला, मराठी टायपिंग शिकून घेतलं आणि एक दिवस मेहेरातल्या दोन बांगड्या अब्बांच्या मशीनवर आणून ठेवल्या. म्हणाली, यांचा कॉम्प्युटर घ्यायचा.

कॉम्प्युटर, प्रिंटर आणि यूपीएस मिळून ३४,५०० रुपये झाले. बांगड्यांत भागलं नाही, वरचे आम्ही सगळ्यांनी घातले. दुकान मामूंच्या ओळखीतलं. मामू मोमिनपुऱ्यात राहतात. दुकानदार आपला माणूस, गल्ल्याच्या वर ७८६ लिहिलेलं, सासुरवाशीण बहीण आल्यासारखा त्याने आपाला चहा पाजला. कच्चं बिल घेतलं तर कर वाचेल, असंही तो आपुलकीनेच म्हणाला. अब्बा आयुष्यभर पावतीपुस्तकाशिवाय कपडा घेत नाहीत. त्यांनी पक्कं बिल मागितलं. त्या वेळी आम्हाला त्यांचा थोडा रागच आला होता.

पुढच्या खोलीत टेबल लागलं. बायोडेटा, बचतगटाची पत्रं, कॉलेजच्या मुलांचे प्रकल्प, ग्रामपंचायतीचे अर्ज. पानाला दहा रुपये. पहिल्या पंधरवड्यात आपाने सहाशे रुपये कमावले आणि लेकीला बूट घेतले.

सतराव्या दिवशी मशीन बंद पडलं. बंद पडलं म्हणजे काय, तर टाइप करता करता पडदा काळा झाला, आत कट्‌कन आवाज आला आणि ते आपोआप पुन्हा सुरू झालं. जणू काही झालंच नाही. अर्धं पान गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दिवसातून चार-पाच वेळा. पवनीच्या कॉलेजातल्या एका मुलाचा प्रकल्प तीनदा टाइप करावा लागला, आणि तिसऱ्यांदा तो पोरगा आपल्याच पानांकडे बघत गप्प बसून राहिला. पैसे न घेता आपाने त्याला पाठवलं.

दुकानात फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “कौनसे गाँव से?” कोंढा म्हटल्यावर तो म्हणाला, “खेडं ना? मग लाईनचा प्रॉब्लेम आहे. व्होल्टेज बघा.”

आम्ही ते लगेच मान्य केलं. इथेच आमची खरी गोष्ट सुरू होते. त्या काळात खेड्यापाड्यांत भारनियमन होतं, दिवसाचे तासन्‌तास वीज नसायची, आली तरी संध्याकाळी बल्ब पिवळा पडायचा. तेव्हा आमच्या लाईनीतच दोष असणार, हे आम्हाला इतकं उघड वाटलं की शंकासुद्धा आली नाही. गाव आमचं, वीज आमची, शिक्षण आमचं अर्धवट. मशीन तर नवंकोरं, शहरातून आलेलं. दोष कुठे असणार?

आम्ही स्टॅबिलायझर आणला. मग कोणी म्हणालं, अर्थिंग नाही तुमच्या घरात. परसात हातभर नव्हे, पुरुषभर खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा उभा केला, थराथराने मीठ आणि कोळसा घातला, वरून पाणी सोडलं. घरातला प्रत्येक माणूस त्या खड्ड्यात राबला. अम्मीने वुजूच्या बदन्याने पाणी घातलं. वायरमनने वायर जोडली. आपाने बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबलं. मशीन सव्वा तास चाललं आणि कट्‌.

मग फेऱ्या सुरू झाल्या. सीपीयू गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन नागपूर. पहिल्या फेरीत दुकानातल्या पोराने फॉरमॅट मारला, म्हणाला व्हायरस होता. दुसऱ्या फेरीत रॅम काढून पुसून परत बसवली. तिसऱ्या फेरीत मशीन दोन तास टेबलावर चालू ठेवलं, ते नेमकं दोन तास गुणी लेकरासारखं चाललं, आणि पोरगा विजयाने म्हणाला, “देखो, इधर बराबर चलता. आपके गाँव में ही कुछ है.” दरवेळी चहा यायचा. दुकानदार म्हणायचा, आप तो घर के लोग हो. घरच्या माणसाला लेखी तक्रार द्यायची सोय नसते, हे आम्हाला उशिरा कळलं. तिन्ही फेऱ्यांचा एक चिठोराही आमच्याकडे नव्हता.

दोष व्होल्टेजचा नाही हे आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते शेजारच्या गुरुजींनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, ग्राहक पंचायतीचं काम मनापासून करणारे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तिची गोष्ट ते ओट्यावर बसून सांगत. आम्ही ती कीर्तनासारखी ऐकून सोडून देत असू. त्या दिवशी ते आपाच्या खोलीत आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लाईन खराब हाये म्हंता, मंग माह्या टीव्हीले काऊन काही होत नाही? दोघांची लाईन एकाच खांबावरून तर आली!”

एवढी साधी गोष्ट. पाच माणसांच्या घरात महिनाभर कोणाला सुचली नाही.

गुरुजींनी दोन कामं सांगितली. एक, वही घाला. दोन, यापुढे जे बोलायचं ते कागदावर. आपाने लेकीची जुनी शाळेची वही घेतली आणि तिच्या कोऱ्या पानांवर रकाने पाडले: तारीख, वेळ, काय काम चालू होतं, बंद कसं झालं, त्या वेळी घरातला पंखा-बल्ब चालू होता की नाही. तो शेवटचा रकाना तिचाच. पंखा फिरतोय, बल्ब जळतोय, यूपीएस शांत आहे आणि तरी मशीन बंद. एकेका ओळीने ती वही भरत गेली.

पवनीच्या टीव्ही मेकॅनिकलाही आम्ही बोलावलं. त्याने कॅबिनेटच्या जाळीतून आत टॉर्च मारली, डोकं तिरकं करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, बोर्डावरचे दोन-तीन कपॅसिटर फुगल्यासारखे दिसतात. टीव्हीतही असंच होतं. पाहिजे तर पन्नास रुपयांत बदलून देतो. आम्ही पेचकस शोधायला धावलो. तेवढ्यात त्याची नजर कॅबिनेटच्या सांध्यावरच्या चिकटपट्टीवर गेली. सील तोडल्यास वॉरंटी रद्द, असं तिच्यावर छापलेलं. त्याने हात मागे घेतला. म्हणाला, “हे तोडू नका. हाच तुमचा साक्षीदार हाये.” पन्नास रुपयांची कमाई सोडून तो माणूस चहा पिऊन गेला. या सगळ्या प्रकरणात आम्ही ज्यांचे ऋणी आहोत त्यांत तो पहिला.

पुढचा विचार आपाचा. ती म्हणाली, शहराच्या लाईनीवर लावून बघू. मशीन मामूंच्या घरी, मोमिनपुऱ्यात नेलं. आठ दिवस रोज सहा तास चालू ठेवायचं आणि मामेभावाने वहीत लिहायचं. आठ दिवसांत ते अकरा वेळा बंद पडलं. नागपूरच्या विजेवर. मामूंच्या घरात अर्थिंगचा खड्डाही नव्हता.

आता दुकानदाराला नोटीस द्यायची वेळ आली आणि तिथे घरात दुफळी झाली. मामू नाराज झाले. आपल्या माणसाला कोर्टात खेचणार? त्याच मोहल्ल्यात राहायचं आहे आम्हाला, त्याच मशिदीत जुम्याला उभं राहायचं आहे. लोक काय म्हणतील? आणि बेवा बाई, कचेरीत तारखांना उभी राहणार? अब्बाही डळमळले. “जाने दो बेटा, सबर करो,” एवढंच म्हणाले. सबर हा शब्द आमच्या घरांत फार लवकर निघतो. बहुतेक वेळा ज्याचं गेलं आहे त्यालाच तो सांगितला जातो.

आपाने वाद घातला नाही. ती मामूंनाच घेऊन त्यांच्या मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेली. आम्ही बाहेर चपलांजवळ उभे. मौलाना म्हातारे, दम्याने बेजार. त्यांनी कॉम्प्युटर म्हणजे काय ते आधी नीट विचारून घेतलं, वही पाहिली, आणि मग सांगितलं की या सवालाचं फिक्हमध्ये अलग नावच आहे, खियार-उल-ऐब. विकत घेतलेल्या मालात विकतानाच असलेला ऐब मागाहून निघाला, तर घेणाऱ्याला माल परत करून पुरी किंमत मागण्याचा इख्तियार आहे. मेहेरबानी नव्हे, इख्तियार. पण एक अट त्यांनी आवर्जून सांगितली: ऐब कळल्यावरही तुम्ही ती वस्तू मजेत वापरत राहिलात, तर तुम्ही ती कबूल केली असं धरलं जाईल. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या पैगंबरसाहेबांची हदीस आम्ही लहानपणी मदरशात ऐकली होती. वर कोरडं, आत ओलं. मौलानांनी तिची आठवण दिली. ‘आपला माणूस’ या मुद्द्यावर ते थोडं खोकले, मग मामूंकडे बघून म्हणाले की सूरह निसामध्ये इन्साफाच्या बाजूने उभं राहताना आईबाप आणि नातलगसुद्धा आड येऊ देऊ नका असा हुकूम आहे. दुकानदार तर नातलगही नाही.

मामू परतताना एक शब्द बोलले नाहीत.

कोंढ्याला आल्यावर आपाने कॉम्प्युटरवर चादर टाकली. त्या दिवसापासून तिने त्याला हात लावला नाही. कामं येत होती आणि ती परत पाठवत होती. पुढे आम्हाला वकिलाकडूनही हेच कळलं, की दोष कळल्यावर वापर थांबवलात हे बरं केलंत. पण वकिलाचा सल्ला नंतरचा. आपाने चादर टाकली ती मौलानांच्या सांगण्यावरून.

नोटीस रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह गेली. एक दुकानाला, एक कंपनीला. पोचपावत्या सहीनिशी परत आल्या, उत्तर आलं नाही. तेव्हा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा चालू होता. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, लाखाच्या आतल्या दाव्याला शंभर रुपये फी, वकील सक्तीचा नाही, तक्रारदाराने स्वतः बोललं तरी चालतं. गुरुजींनी हे सगळं सांगितलं तेव्हा वाटलं, एवढं सोपं? मग त्यांनी गोम सांगितली. तक्रार तिथे दाखल करायची जिथे दुकान आहे, किंवा जिथे व्यवहार घडला. दोन्ही नागपूर. भंडाऱ्याचा मंच आमच्या जिल्ह्याचा असूनही आमच्या कामाचा नव्हता. म्हणजे प्रत्येक तारीख ही पहाटेची गाडी, भाकरीचे डबे, अब्बांच्या दुकानाला कुलूप आणि रात्री उशिरा अंधारात कोंढ्याचा स्टॉप. विकणाऱ्याच्या दारात जाऊन त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं मांडायचं, असा तो कायदा होता. चांगला कायदा, पण त्याने गृहीत धरलेला ग्राहक शहरातच राहत होता.

आपाने तक्रार स्वतः लिहिली, हाताने. टाइप करायला तिचा कॉम्प्युटर नव्हता! पवनीच्या एका सेंटरवर पानाला दहा रुपये देऊन ती टाइप करून घेतली. सोबत पक्कं बिल, वॉरंटी कार्ड, पोचपावत्या, वहीच्या झेरॉक्स आणि शपथपत्र. ‘तक्रारकर्ती’ या शब्दापुढे आपाचं नाव आम्ही पहिल्यांदा छापील अक्षरांत पाहिलं. लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच.

त्या काळच्या मंचात तीन माणसं बसायची, एक अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यांतली एक स्त्री असावी असं कायद्यातच होतं. समोर बाई बसलेली पाहून आपाचा आवाज फुटला. एरवी काय झालं असतं सांगता येत नाही.

विरुद्ध पक्षाचे लेखी जबाब आले. कंपनी म्हणाली, विजेच्या चढउताराने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. दुकानदार म्हणाला, माल बनवणारी कंपनी, माझा काय संबंध; शिवाय ग्राहकाच्या गावी व्होल्टेज खराब. इथवर आमची तयारी होती. पण तिसरा मुद्दा वाचून गुरुजीही गप्प झाले. दुकानदाराच्या वकिलाने लिहिलं होतं की तक्रारकर्ती पैसे घेऊन टायपिंग करते, म्हणजे हा धंदा आहे. वस्तू व्यापारी कारणासाठी घेतलेली आहे. व्यापारी कारणासाठी घेणारा कायद्याने ‘ग्राहक’च नाही. सबब तक्रार फेटाळावी.

त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. व्होल्टेजचं खोटं आम्ही वहीने खोडलं होतं, पण हे खोटं नव्हतं. आपा पैसे घेत होती, त्यासाठीच तर बांगड्या गेल्या होत्या. बेवा बाईने पोटासाठी मशीन घेतलं म्हणून ती ग्राहकातून बाद, आणि एखाद्याने पोरांच्या गेमसाठी घेतलं असतं तर तो पक्का ग्राहक. असला कसला न्याय?

तारीख पंधरा दिवसांवर होती. गुरुजींनी नागपूरच्या आपल्या ओळखीतून एक निकाल मिळवला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट, सर्वोच्च न्यायालय, एप्रिल १९९५. गंमत अशी की त्या खटल्यात तक्रार करणारी संस्था हरली होती. महाराष्ट्रातलाच एक कारखानदार, मोठं यंत्र घेतलेला. न्यायालयाने त्याला ग्राहक मानलं नाही. पण ते सांगताना कोणाला मानावं हेही न्यायमूर्तींनी उदाहरणं देऊन समजावलं होतं. स्वतः चालवायला ऑटोरिक्षा घेणारा. स्वतःच्या हाताने चालवायला लेथ घेणारा. आणि दुसऱ्यांची कामं टाइप करून देण्यासाठी टाइपरायटर घेणारा. वापर व्यापारीच, पण १९९३ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्टीकरण घातलं गेलं होतं, की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वस्तू वापरणारा ग्राहकच राहतो. हाताखाली एकदोन माणसांची मदत घेतली तरी राहतो.

टाइपरायटर! आपाने ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. तिच्या चादरीखालच्या मशीनबद्दल दिल्लीत कोणीतरी अकरा-बारा वर्षांपूर्वीच बोलून ठेवलं होतं.

तिने दुरुस्तीचा अर्ज दिला. तक्रारीत एक परिच्छेद वाढवला: मी विधवा आहे, मला एक मुलगी आहे, नोकर नाही, मशीन मी स्वतः चालवते, उपजीविकेचं दुसरं साधन नाही. हा परिच्छेद लिहिताना ती एकदा उठून परसात गेली. घरात जे कोणी कधी तोंडाने बोललं नव्हतं ते चार ओळींत कागदावर आलं होतं, आणि त्याच्या तीन प्रती काढायच्या होत्या.

मग तपासणी. दोष नुसता बघून ठरत नसेल तर वस्तू तज्ज्ञाकडे तपासायला पाठवावी अशी कायद्यात तरतूद होती, फी तक्रारदाराने आधी भरायची. आम्ही १,५०० रुपये भरले. मशीन पुन्हा गोधडीत, पुन्हा मांडीवर. तज्ज्ञ इंजिनिअरिंग कॉलेजातले. त्यांनी दोन्ही बाजूंसमोर आधी सील पाहिलं, शाबूत आहे असं लिहून घेतलं आणि मग पेचकस लावला. पवनीच्या मेकॅनिकने टॉर्चने पाहिलं होतं तेच निघालं. प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या कपॅसिटरची डोकी फुगलेली, एकाच्या माथ्यावर तपकिरी राळेसारखं काही वाळलेलं. तज्ज्ञांनी आम्हाला समजावून सांगितलं, की या छोट्या डब्यांत एक द्रव असतो. तो निकृष्ट असला तर आत वायू धरतो, डबा फुगतो, आणि मग बोर्डाला हवी तशी सपाट वीज मिळत नाही. मशीन धापा टाकल्यासारखं बंद-चालू होतं. बाहेरच्या विजेचा याच्याशी संबंध नाही. बाहेरच्या तडाख्याने जळलं असतं तर आधी पॉवर सप्लाय गेला असता, तो ठणठणीत होता.

अहवाल दाखल झाला आणि पुढच्याच तारखेला कंपनीचा माणूस बोर्ड बदलून द्यायला तयार झाला. आपा म्हणाली, “बोर्ड पहिल्या महिन्यात बदलून द्यायचा होता. आता किंमत द्या.” हे ती मराठीत म्हणाली, सरळ, मान वर करून. आम्ही मागच्या बाकावर होतो.

निकालापर्यंत गेलं नाही. मंचाच्या बाहेरच्या व्हरांड्यात बोलणी झाली आणि २००८ च्या जानेवारीत तडजोडीची पुरसीस दाखल झाली. पूर्ण किंमत ३४,५०० आणि खर्चापोटी ३,०००. स्टॅबिलायझर, एस.टी., बुडालेली मजुरी धरली तर घाटाच होता, पण आपाला मागे पैसे हवे होते, पुढे भांडण नको होतं. डिमांड ड्राफ्ट देताना दुकानदाराचा हात थोडा थरथरला. आपाजी, कंपनी मला काय देते ते अल्लाहलाच ठाऊक, असं तो म्हणाला. ते खरंही असेल. छोटा दुकानदार दोन्हीकडून चेपला जातो. आमच्या अब्बांनाही खराब कपड्याचं ठाण परत घेणारा घाऊक व्यापारी कधी भेटला नाही. पण अब्बा त्या कपड्याचा सदरा कोणाला शिवून देत नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०१० च्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सने डेल कंपनीची एक जुनी गोष्ट बाहेर काढली, ती आमच्याही वाचण्यात आली. आमचा कॉम्प्युटर त्या कंपनीचा नव्हता, हे आधी सांगतो. २००३ ते २००५ या काळात विकलेल्या तिच्या लाखो मशीनमध्ये असेच फुगणारे कपॅसिटर होते. दुरुस्तीसाठी कंपनीने ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते, आणि तरी ग्राहकांना आतली गोष्ट सांगितली जात नव्हती. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातली मशीनं बिघडली, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं होतं की तुम्ही फार अवघड गणितं करता, त्याचा ताण मशीनवर येतो!

आम्ही हे आपाला वाचून दाखवलं. ती आधी हसली. मग बराच वेळ हसलीच नाही. गणिताच्या प्राध्यापकांना सांगितलं गणित अवघड, कोंढ्याच्या बाईला सांगितलं लाईन खराब. फरक एवढाच की प्राध्यापकांनी ते ऐकून परसात खड्डा खणला नसेल.

आता तो कायदा राहिला नाही. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला. मंचाचा जिल्हा आयोग झाला, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ग्राहक जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे आज तोच कॉम्प्युटर नागपूरहून आणला असता तर दुकानदाराला भंडाऱ्याला यावं लागलं असतं, आणि गाडी त्याने बदलली असती. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी फोन करता येतो; पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. तक्रार ऑनलाइन भरण्याची सोय आधी ई-दाखिलवर होती, २०२५ पासून ती ई-जागृतीवर आहे. सुनावणीला दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची मागणीही करता येते.

ही माहिती आम्हाला पाठ आहे, कारण आपाचा तो आता अर्धा व्यवसायच झाला आहे. ड्राफ्टच्या पैशांतून तिने भंडाऱ्याहून दुसरं मशीन घेतलं. गावात बातमी पसरली होती, त्यामुळे अर्ज-बायोडेटाबरोबर लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन यायला लागले. फ्रिज, पंप, मोबाइल. धानाचं बियाणं उगवलं नाही म्हणून कोसऱ्याचे शेतकरी आले, तेव्हा शेतकरी हा ग्राहक आहे की नाही हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात तो आहे असं स्पष्ट केलं, त्या निकालाची प्रत आपाच्या फाइलीत वरच असते. येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी दोनच गोष्टी मागते, पक्कं बिल आणि तारखांची वही. वही नसेल तर कोरी देते. मामू दोन वर्षं आमच्याकडे आले नव्हते. मग एका उन्हाळ्यात आले ते कूलरचं बिल खिशात घालून.

गुरुजी आता नाहीत. परसातल्या अर्थिंगला मात्र अजून दर उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं.

परवा अड्याळकडचा एक माणूस आला. मुलीसाठी हप्त्यावर लॅपटॉप घेतला होता, महिन्याभरात पडद्यावर रेघा. दुकानातून उत्तर मिळालं होतं की पोरीने आपटला असेल. पोरगी बापाच्या मागे खाली मान घालून उभी होती. आपाने तिला पुढे बोलावलं, शेजारी खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, “तू आपटलास का?” पोरीने मान हलवून नाही म्हटलं. “मग वर बघून सांग.”

तक्रारीचा मजकूर तिनेच सांगायचा आणि आपाने टाइप करायचा असं ठरलं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आल्या असतील, तोच पंखा थांबला. लाईन गेली. आपाने चष्मा काढून ठेवला आणि पोरीसाठी चहा टाकायला आत गेली.